सीट मागे

बापूराव कानडे रोज दुपारी चार वाजता चहाचा थर्मास घेऊन पार्किंगमध्ये उतरत, पांढऱ्या गाडीचं डावं दार उघडून आत बसत आणि पट्टा लावत. गाडी कुठेही जात नसे. गेले चौदा महिने ती जागची हलली नव्हती. पण पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा दुर्गाबाईंचा नियम होता, आणि दुर्गाबाई वारल्या म्हणून तो रद्द झाला असं बापूरावांना कोणी लेखी कळवलेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस लेखी आदेशाशिवाय काही सोडत नाही.

गाडी दुर्गाबाईंची. कागदोपत्रीही त्यांचीच. मुलींच्या शाळेत गणित शिकवता शिकवता वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली आणि त्यांनीच चालवली. बापूरावांनी लायसनसाठी दोनदा परीक्षा दिली होती. पहिल्यांदा ते गिअरवर घसरले. दुसऱ्यांदा सगळं सुरळीत चाललेलं असताना परीक्षक म्हणाले, "आता मागे घ्या," तेव्हा बापूराव गाडीतून उतरून निमूटपणे रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. रिव्हर्स घ्यायला सांगितलं होतं, हे घरी आल्यावर दुर्गाबाईंनी समजावलं. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही, आणि कानडे दांपत्याची जागावाटणी कायमची ठरली: बाई उजवीकडे, साहेब डावीकडे.

तर चार वाजता बापूराव डावीकडे बसून चहा पीत आणि उजवीकडे बघून दिवसभराच्या तक्रारी सांगत. पाणी कमी आलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जिन्यात परत चपला ठेवल्या. तुझ्या लेकीचा, भाग्यश्रीचा, बंगळूरहून फोन आला, तुझ्यासारखंच मला बोलू न देता ठेवून दिला. सगळं सांगून झालं की एक जुनी तक्रार निघे. बापूरावांच्या वडिलांचा पितळी मुठीचा अडकित्ता चौदा वर्षांपूर्वी नारायणपूरहून येताना याच गाडीत हरवला होता. जाताना बापूरावांनी सुपारी कातरली होती, येताना खिसा रिकामा. आपली सुपारी सुटावी म्हणून बायकोनेच तो दिवे घाटात खिडकीतून फेकला, अशी त्यांची खात्री होती. त्यावरून घरात सतरा दिवस अबोला होता. "कुठे टाकलास ते आता तरी सांग," ते रोज म्हणत. उत्तर तेव्हाही मिळालं नव्हतं.

उजवीकडची सीट त्यांनी होती तशी ठेवली होती. दुर्गाबाई सीट पार पुढे, स्टिअरिंगला पोट टेकेल इतकी पुढे घेऊन बसत. खरं तर त्या चांगल्या उंच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने बापूरावांना उभं ठेवून त्यांना खुर्चीवर बसवलं होतं, ते काही मानासाठी नव्हे. एवढ्या उंच बाईने एवढं पुढे का बसावं, याचा उलगडा बापूरावांनी स्वतःपुरता केला होता: तीस वर्षं फळ्याला चिकटून उभं राहायची सवय. शेवटची सात-आठ वर्षं त्यांचे गुडघे फार धरायचे. डॉक्टर म्हणाले वय, बापूराव म्हणाले जिना. पाठीला आधार म्हणून बापूरावांनी तुळशीबागेतून एक निळी उशी आणून दिली होती आणि ती अजून सीटवर होती. त्या उशीचा त्यांना अभिमान होता. बायकोसाठी तुम्ही काय केलंत असं उद्या कोणी विचारलंच, तर दाखवायला एक वस्तू होती.

वर घरात आता दुर्गाबाईंचं फारसं काही उरलं नव्हतं. भाग्यश्री येऊन साड्या वाटून गेली, औषधं टाकून गेली, जाताना पलंगही फिरवून गेली. दुर्गाबाई जशा बसायच्या तशी त्यांची एकच जागा जगात शिल्लक होती, आणि ती पार्किंगमध्ये चार नंबरला होती.

एप्रिलमध्ये त्या जागेवर गदा आली. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'ज्या वाहनांची नोंदणी संपली आहे वा संपत आहे, ती वाहने मेअखेर हटवावीत. जागा वाहनांसाठी आहे, आठवणींसाठी नाही.' दुसरं वाक्य कोणी घातलं ते कोणी कबूल केलं नाही. पण सदाशिव पेठेतल्या सोसायटीत अशा वाक्याला लेखक लागतच नाही, ते आपोआप उमटतं.

बापूरावांनी कागद काढून पाहिले. गाडीची पंधरा वर्षं कधीच भरली होती. पुढची पाच दुर्गाबाईंनी स्वतः जाऊन वाढवून आणली होती, आणि ती मेमध्ये संपत होती.

सोसायटीचे सेक्रेटरी शुभंकर हे पस्तिशीचे आयटीवाले गृहस्थ. ते समजूत घालायला खाली आले आणि गाडीच्या खिडकीशी वाकून उभे राहिले. "काका, पर्सनली घेऊ नका, पण हिची लाइफ संपलीय. स्क्रॅपला द्या, प्रॉपर सर्टिफिकेट मिळतं. आजकाल पाच वर्षं म्हणजे मॅक्स हो. माझी बघा ना, नऊ वर्षांत थर्ड कार."

"आणि बायको?" बापूरावांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नाही, पहिलीच आहे ना, म्हणून विचारलं."

शुभंकर वर निघून गेले. पण सल्ला हा असा पदार्थ आहे की एकाने झाकण उघडलं की वास सगळ्या मजल्यांवर जातो. तळमजल्यावरच्या प्राध्यापकांनी गाडीवर तुळशीच्या कुंड्या ठेवून तिला 'उद्यान' दाखवावं असं सुचवलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी स्टिअरिंग तेवढं काढून दिवाणखान्यात टांगा म्हणून सांगितलं. एकाने तर काका रोज आत बसतात ते बरं नव्हे, असं म्हणून एका डॉक्टरांचा नंबर दिला. ते डॉक्टर गाड्यांचे नव्हते.

बापूरावांना सगळ्यात खटकलं ते 'लाइफ' हे प्रकरण. त्यांचं लहानपण बार्शीत गेलं. तिथे एका डॉक्टरांची काळी मोटार होती. ती डॉक्टरांनी चालवली, मग मुलाने, मग नातवाने. बाळंतिणी आल्या त्या तिच्यातून, आणि डॉक्टर शेवटी गेले तेही तिच्यातूनच. ती चढावर ढकलावी लागे आणि ढकलणाऱ्यांत पेशंटही असत. पुढे इंजिन काढून विहिरीवर बसवलं आणि सांगाड्यात कोंबड्या खुडूक बसू लागल्या, तरी गावात पत्ता सांगताना 'मोटारीपासून उजवीकडे' असंच सांगत. त्या गाडीची लाइफ संपली असं म्हणायला कोणाची जीभ धजली नाही. आणि इथे एका मास्तरणीची निगुतीने वापरलेली गाडी वीस वर्षांत भंगार!

आता गोष्ट सांगतोच आहोत तर खरंही सांगायला हवं. गाडीचं आयुष्य संपत आलं, हा शोध सोसायटीत सर्वांत आधी बापूरावांनीच लावला होता, तोही चौदा वर्षांपूर्वी. दुर्गाबाईंनी गाडीचं कुठलंही काम काढलं की पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणत, "बघू. आता किती दिवस राहिलेत हिचे!" घरात चालवायचं खातं बाईंचं आणि दुरुस्तीला मंजुरी देण्याचं साहेबांचं. आरसा तुटला, बघू. हॉर्न बसला, बघू. एकदा दुर्गाबाईंनी विचारलंही होतं, "हिचे म्हणजे कोणाचे? गाडीचे की माझे?" बापूरावांना तो विनोद आवडला होता आणि त्यांनी तो ऑफिसात सांगितलाही होता.

नोंदणी वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि तपासणीत पास व्हावी लागते. कागद शोधताना बापूरावांना डॅशबोर्डच्या कप्प्यात शाळेचं एक जुनं वेळापत्रक सापडलं. त्याच्या मागे दुर्गाबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

गाडीची कामं
१. डावा आरसा
२. हॉर्न
३. सीट मागे
४. पुढचा वायपर

बापूरावांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी ठरवलं की ही चारही कामं करायची, एकही 'बघू' न म्हणता. मागची सीट तर त्यांनी स्वतः केली. तिची शिवण एका बाजूने उसवली होती. बापूराव ती सीट रिक्षात घालून गादीवाल्याकडे घेऊन गेले, समोर बसून शिवून घेतली, नवं कव्हर घातलं आणि परत आणून बसवली. मग लाल पेन काढून तिसऱ्या कामापुढे बरोबरची खूण केली. चौदा महिन्यांत त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली.

मग ते आरटीओत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद चाळले. "मालक कुठायत?"

"वारल्या."

"मग नूतनीकरणाच्या अर्जावर ही सही कोणाची?"

"माझी."

"तुम्ही कोण?"

प्रश्न साधा होता. "मी डावीकडे बसतो," बापूराव म्हणाले.

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना दिवसभरात याहून विचित्र उत्तरं मिळत असावीत, कारण त्यांनी शांतपणे सांगितलं, "आजोबा, आधी गाडी तुमच्या नावावर करा. मालक मयत असेल तर एकतीस नंबरचा फॉर्म. मग पंचवीस नंबरचा. मग तपासणी. तीन महिन्यांत यायला हवं होतं तुम्ही."

"तीन महिन्यांत मला ती गेली हेच पटलं नव्हतं."

"तसा कॉलम नाही त्यात," गृहस्थ म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

एकतीस नंबरच्या फॉर्मला मृत्यूचा दाखला जोडला, तेव्हा नवीन घोळ निघाला. दाखल्यावर नाव दुर्गा बापूराव कानडे. गाडीच्या पुस्तकावर दुर्गाबाई बी. कानडे. या दोघी एकच कशावरून? बापूराव म्हणाले, मी चव्वेचाळीस वर्षं एकीशीच संसार केलाय. खिडकीने ते ऐकून घेतलं आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. बाहेर छत्रीखाली बसलेल्या टायपिस्टने मजकूर झटक्यात तयार केला: 'दुर्गा आणि दुर्गाबाई या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच व्यक्ती होती.' बापूरावांनी तो तीनदा वाचला.

"'होती'च्या जागी 'आहे' करता येईल का?"

"काका, मयताला 'आहे' चालत नाही. अर्ज परत येतो."

बापूरावांनी 'होती'खाली सही केली. सही जरा वाकडी आली. टायपिस्ट म्हणाला, चालेल.

भाग्यश्रीचं संमतिपत्र कुरिअरने आलं आणि पाठोपाठ फोनही. "बाबा, कशासाठी ही दगदग? आई गाडीत नाहीये."

"मला माहीत आहे," बापूराव म्हणाले. "म्हणून तर एवढे कागद करावे लागतायत."

 या वेळी फोन बापूरावांनीच ठेवला.

गाडी नावावर झाली. दुर्गाबाईंचं नाव खोडून त्या जागी आपलं नाव आलेलं पाहून बापूरावांना चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्यात रमायला सवड नव्हती, कारण मेची वीस तारीख उजाडली होती आणि गाडी तपासणीच्या मैदानावर न्यायला माणूस नव्हता. त्यांची अट एकच होती: कोणीही चालवा, सीटला हात लावायचा नाही. तसूभरही मागे घ्यायची नाही. पहिला ड्रायव्हर मोबाइलवरून बोलावलेला. त्याने दार उघडून सवयीने सीटखालच्या दांडीकडे हात नेला, आणि बापूराव एवढ्या जोरात "हात काढा!" म्हणून ओरडले की तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. "सर, मग मी घुसू कसा?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. तो गेला. दुसरा घुसला, पण त्याला क्लचवर पाय ठेवता येईना. तोही गेला. तिसऱ्याने फोनवरच अट ऐकून शुभेच्छा दिल्या.

शेवटी उत्तरेश्वर सापडला. हडपसरला त्याचं गॅरेज होतं आणि तो बॅटरी बसवायला आला होता. बार्शीत उत्तरेश्वराचं देऊळ आहे, म्हणून नाव ऐकूनच बापूरावांनी विचारलं, "बार्शीकडचे का हो?" आणि तो खरंच तिकडचा निघाला. मग काय, आरसा, हॉर्न आणि वायपर त्याच्याकडेच गेले. "तीन नंबरचं काम मी स्वतः केलंय," बापूरावांनी यादी दाखवत सांगितलं. उत्तरेश्वरने मागची सीट दाबून पाहिली आणि काम झ्याक झालंय म्हणाला. अडचण एवढीच होती की उत्तरेश्वर सहा फूट उंच होता.

"काका, मी नेतो की गाडी. शब्द दिला, सीटला हात लावणार न्हाय."

"शपथ घ्या."

"उत्तरेश्वराची शपथ," तो म्हणाला, आणि देव की स्वतः, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

तो आत कसा बसला, हे पाहायला सगळी सोसायटी गॅलरीत आली होती. आधी उजवा पाय, मग डोकं, मग उरलेलं. त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले आणि हनुवटी हॉर्नच्या वर राहिली. निळी उशी काढू का, असं त्याने विचारलं. बापूरावांनी नाही म्हटलं. डावीकडे बापूराव पट्टा लावून ताठ बसले, आणि चौदा महिन्यांनी पांढरी गाडी पार्किंगमधून बाहेर पडली. शुभंकरांनी त्याचा व्हिडिओ काढला.

मैदान गावाबाहेर होतं. पोचायला दीड तास लागला आणि त्या दीड तासात उत्तरेश्वरने तीन वेळा बाजूला घेऊन, खाली उतरून, गुडघे चोळले. डावीकडे वळताना त्याचा गुडघा नव्या हॉर्नवर बसे, त्यामुळे गाडी प्रत्येक डाव्या वळणावर ओरडत गेली. सिग्नलला एका दुचाकीवाल्याने वाकून आत पाहिलं आणि "भाऊ, लहान मुलाची गाडी आणली का?" असं विचारलं. तरीही उत्तरेश्वरने सीटला हात लावला नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. तपासणीच्या बाई तरुण होत्या, तोंडाला रुमाल, हातात कागद लावलेली फळी. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, आरसा, हॉर्न, वायपर पाहिले. सगळ्यावर खुणा होत गेल्या आणि बापूरावांची छाती फुगत गेली. मग बाईंची नजर उत्तरेश्वरवर गेली, तो आतून एकेक अवयव बाहेर काढत होता.

"तुम्ही असे का बसला होता?"

"काकांची अट हाय. सीट हलवायची न्हाय."

"सीट मागे घेऊन दाखवा."

"मॅडम, तेवढं सोडून काहीही सांगा," बापूराव मध्ये उभे राहून म्हणाले. "ती सीट माझ्या पत्नीची आहे. त्या गेल्या. त्यांनी जशी ठेवली होती, तशी..."  बाईंनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

"आजोबा, मला कळतंय. पण ड्रायव्हरला पाय हलवता येत नसतील तर मी गाडी पास कशी करू? एकदा मागे घेऊन दाखवा, नंतर परत पुढे घ्या. खूण करून ठेवा हवं तर."

हे बापूरावांना सुचलंच नव्हतं. त्यांनी लाल पेनाने सीट सरकते त्या पट्टीवर, सीटच्या पायाशी, अगदी बारीक रेघ मारली. दोनदा तपासली. मग तोंड फिरवून म्हणाले, "घ्या."

उत्तरेश्वरने दांडी ओढली. जोर लावला. खाली बसून परत जोर लावला. "काका, ही हलंनाच की."

"नाही हलत?" बापूराव वळले. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, समाधानच पसरलं. "बघा मॅडम! म्हणजे इतक्या वर्षांत कोणीही हलवलेली नाही."

"तसं न्हाय," उत्तरेश्वर आडवा होऊन सीटखाली बॅटरीचा झोत टाकत म्हणाला. "जाम हाय. पट्टीत काहीतरी अडकलंय. गंज बघा केवढा धरलाय, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. मुद्दाम कुणी हलवायची म्हटली तरी हलली नसती."

बाईंनी चार वाजेपर्यंत वेळ दिला आणि त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. उत्तरेश्वरने पक्कड घेतली, हातोडी घेतली, तेलाचा डबा घेतला. बापूराव शेजारी उन्हात उभे राहिले. सीटखालून बराच वेळ खडखड आणि बार्शीकडच्या शिव्या ऐकू येत होत्या. मग काहीतरी सुटल्याचा आवाज आला, आणि उत्तरेश्वरने हात बाहेर काढून एक वस्तू बापूरावांच्या हातात ठेवली.

"हे कशाचं हो?"

पाती गंजून एकमेकांना चिकटली होती. मुठीचं पितळ काळं पडलं होतं, पण तिच्यावरचा मोर दिसत होता. डावीकडे बसलेल्या माणसाच्या खिशातून घरंगळला तर अडकित्ता नेमका तिथेच जाणार होता, उजव्या सीटखाली, पट्टीच्या खाचेत. सतरा दिवस बापूराव बायकोशी बोलले नव्हते. आणि चौदा महिने रोज चार वाजता तिला विचारत होते, कुठे टाकलास.

उत्तरेश्वर कपडे झटकत होता. "चालवत कोण होतं ही? एवढं पुढं बसून? मी दीड तास बसलो तर गुडघ्यांचं वाटोळं झालं."

 बापूरावांना एक रविवार आठवला. ते पेपर वाचत होते आणि दुर्गाबाई दारात चपला काढत होत्या. "अहो, त्या सीटचं तेवढं बघाल का? झाडायला पुढे घेतली, तर आता मागे जात नाहीये ती. गॅरेजवाला म्हणतो, दोन दिवस ठेवावी लागेल." आणि पेपरामागून बापूराव म्हणाले होते, "बघू. आता किती दिवस राहिलेत हिचे!" मग पुढच्या आठवड्यात, आपलं काही चुकलं असं वाटून, त्यांनी तुळशीबागेतून उशी आणली होती. जिला मागे जायला जागा नव्हती तिच्या पाठीशी ती उशी लावून त्यांनी तिला आणखी चार बोटं पुढे सारलं होतं. दुर्गाबाईंनी ती लावून घेतली. तेरा वर्षं, तेच गुडघे घेऊन, त्याच उशीला टेकून, नवऱ्याला डावीकडे बसवून त्या गाडी चालवत राहिल्या.

बापूरावांनी खिशातून यादी काढली. तिसरी ओळ: सीट मागे. गणिताच्या बाई होत्या. मागची सीट म्हणायचं असतं तर त्यांनी 'मागची सीट' लिहिलं असतं. त्या ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण केलेली होती. बापूरावांना ती खोडता येईना.

साडेतीन वाजले होते. उत्तरेश्वरने पट्टीला तेल दिलं आणि सीट दोनदा पुढे-मागे सरकवून पाहिली. ती लोण्यासारखी सरकली. मग ती थेट पुढे आणून त्याने लाल रेघेवर ठेवली आणि विचारलं, "घ्या काका, हुती तिथंच आणली. इथंच ठिवू न्हवं?"

"नको," बापूराव म्हणाले.

"मग?"

"मागे घ्या. पूर्ण मागे."

उत्तरेश्वरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दांडी ओढली. सीट मागे गेली आणि खट् करून बसली. बापूरावांनी निळी उशी उचलून बाहेर काढली.

बाईंनी येऊन तपासलं, फळीवरच्या कागदावर सही केली. गाडीला पाच वर्षं मिळाली. बाई म्हणाल्या, इंजिन चांगलं आहे आजोबा, नीट ठेवलीत तर आणखी वाढवूनही मिळतील.

निघताना चार वाजले होते. बापूराव डावीकडे बसले, पट्टा लावला आणि रोजच्या सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. सीट इतकी मागे गेली होती की पाठ दिसायला त्यांना मान वळवावी लागली. अडकित्ता एका हातात होता आणि उशी मांडीवर. उत्तरेश्वर वाकून आत शिरत होता.

"आता बरं आहे का गं?" बापूरावांनी रिकाम्या सीटला विचारलं.

उत्तरेश्वर आत बसला, त्याने पाय लांब केले आणि सुस्कारा सोडला. त्याला शेवटचे दोन-तीन शब्दच ऐकू आले असावेत.

"एकदम आराम वाटतोय, काका," तो म्हणाला. "हे आधीच करायला पायजे हुतं."